उजेडाची मात्रा

डॉक्टरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांकडून काय काय येतं, ते डॉक्टरांनाच ठाऊक. पाठीवरचं पुरळ, जिभेचा फोटो, अर्धवट कापलेला रक्ताचा रिपोर्ट आणि खाली ‘घाबरण्यासारखं काही नाही ना?’ दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास भाचीनं पाठवलेला फोटो मात्र प्रवाळाचा होता. ती अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते, सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि घरात खाऱ्या पाण्याची दीडशे लिटरची टाकी सांभाळते. टाकीत दोन मासे आणि दगडांवर वाढणारे जिवंत प्रवाळ. एरवी तपकिरी-हिरवे दिसणारे हे प्रवाळ फोटोत पांढरेफटक पडले होते. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, पाणी तपासलं, सगळं नॉर्मल आहे. फक्त आठ दिवसांपूर्वी लाइट बदललाय. तो तर आधीच्यापेक्षा मंदच वाटतो गं.’

रुग्णाला अचानक काही झालं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, ‘नवीन काय सुरू केलंत?’ उत्तर तिच्या मेसेजमध्येच होतं. दिवा नवीन होता. प्रश्न होता तो ‘मंदच वाटतो’ या दोन शब्दांपैकी ‘वाटतो’ या शब्दाचा.

डिसेंबरात मी महिनाभरासाठी तिच्याकडे गेले, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून त्या टाकीसाठी नवा दिवा बांधला. आकडे तिचे, हटवादी प्रश्न माझे. त्या उद्योगातून मला जे नव्यानं उमगलं, ते टाकीपुरतं नाही. उजेड हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. ती डोळ्यांनी ठरवता येत नाही.

प्रवाळाच्या पोटातलं शेत

दागिन्यातलं पोवळं आपण पाहतो, तो प्रवाळाचा नुसता सांगाडा. जिवंत प्रवाळ हा प्राणी आहे. अगदी छोट्या छोट्या तोंडांची, एकमेकांना चिकटून राहणारी वसाहत. उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. काही जातींमध्ये प्रवाळाच्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूकडून येते. प्रवाळाचा तपकिरी रंगही मुख्यतः त्याचाच.

उजेड कमी पडला तर प्रवाळ हळूहळू उपाशी राहतो. पण उजेड अचानक जास्त झाला तर वेगळंच घडतं. शैवालाच्या प्रकाशसंश्लेषण यंत्रणेला आलेली सगळी ऊर्जा वापरता येत नाही आणि उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची विध्वंसक रूपं तयार होतात. ती पेशी जाळू लागतात. मग प्रवाळ त्या शैवालालाच बाहेर काढून टाकतो. मागे उरतं ते पारदर्शक शरीर आणि त्यातून दिसणारा पांढरा सांगाडा. याला ब्लीचिंग म्हणतात. समुद्राचं पाणी तापलं की नेमका हाच प्रकार मैलोन्‌मैल होतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळातल्या जागतिक ब्लीचिंगनंतर चौथी लाट सुरू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. भाचीच्या टाकीत पाणी तापलं नव्हतं, उजेड तापला होता.

पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही, ही त्यातली आशेची गोष्ट. काही दिवस, काही आठवडे तो तग धरतो. तेवढ्यात परिस्थिती सुधारली, तर शैवाल पुन्हा वाढतं. तिनं त्याच दिवशी दिव्यावर पातळ पांढरं कापड टाकलं आणि तास कमी केले. पण हे झालं प्रथमोपचार.

निळा उजेड डोळ्याला का फसवतो?

समुद्राचं पाणी लाल रंग वरच्या काही मीटरांतच शोषून घेतं. खोलवर पोचतो तो निळा. त्यामुळे प्रवाळातल्या शैवालाची रंगद्रव्यं निळ्या उजेडावर काम करायला तयार झालेली असतात. म्हणून अशा टाकीच्या दिव्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या गडद निळ्या एलईडी जास्त असतात आणि जोडीला थोड्या पांढऱ्या. अशा प्रखर निळ्या एलईडीचा शोध १९९० च्या दशकात लागला. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपला डोळा मात्र दिवसा हिरव्या-पिवळ्या उजेडाला, म्हणजे ५५५ नॅनोमीटरला, सर्वांत जास्त संवेदनशील असतो. तितक्याच ताकदीचा ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड त्याला सुमारे पंचवीस पट मंद भासतो. भाचीच्या जुन्या दिव्यात पांढऱ्या-निळ्या ट्यूब होत्या, नव्यात गडद निळ्या एलईडी. म्हणून खोली काळोखी वाटत होती आणि प्रवाळ भाजत होते.

याच फसवणुकीची दुसरी बाजू आपल्या डोळ्यांची आहे. दृष्टिपटलाला प्रकाशामुळे होणाऱ्या रासायनिक इजेचा धोका ४३५ ते ४४० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे याच निळ्या पट्ट्यात, सर्वाधिक असतो. पांढरा प्रखर दिवा समोर आला की आपण आपोआप डोळे मिटतो. निळा दिवा तितका झगझगीत वाटत नाही, म्हणून माणूस बघत राहतो. दिवा बांधताना उघड्या एलईडीत वाकून पाहायचं नाही, तपासणी कमी प्रवाहावर आणि दिवा उलटा धरून करायची, घरात लहान मूल असेल तर दिव्याला कड असलीच पाहिजे, हे नियम मी पहिल्याच दिवशी फ्रिजवर लिहून लावले.

काविळीच्या बाळांचा दिवा

तिची हकीकत ऐकताना मला सारखी माझी बालरोग विभागातली सहा महिन्यांची हाउसपोस्ट आठवत होती. नवजात बाळांच्या काविळीसाठी तेव्हा निळ्या-पांढऱ्या ट्यूबचे दिवे असत. एका बाळाचं बिलिरुबिन दोन दिवस दिव्याखाली ठेवूनही उतरत नव्हतं. रक्त बदलण्याची तयारी सुरू झाली होती. रात्रपाळीच्या ज्येष्ठ सिस्टरांनी शांतपणे विचारलं, ‘डॉक्टर, या ट्यूब शेवटच्या कधी बदलल्या?’ कोणालाच माहीत नव्हतं. दिवा लागत होता, निळा दिसत होता, एवढ्यावर आम्ही उपचार चालू आहेत असं धरून चाललो होतो. ट्यूब बदलल्या, दिवा बाळाच्या जवळ आणला आणि दुसऱ्या दिवशी आकडा उतरू लागला. रक्त बदलावं लागलं नाही.

ट्यूब जुनी झाली की ती दिसायला तशीच दिसते, पण तिच्यातून बाहेर पडणारा उपयोगी उजेड घटत जातो. बाळ दिव्यापासून किती अंतरावर आहे, अंगाचा किती भाग उघडा आहे, यावरही मात्रा बदलते.

या उपचाराची सुरुवातही नजरेनंच झाली होती. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना उन्हात नेत असत. उन्हाला उघड्या राहिलेल्या त्वचेचा पिवळेपणा कमी होतो आणि झाकलेल्या जागी तो तसाच राहतो, हे तिथं लक्षात आलं. तिथल्याच डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्याचा पाळणा तयार करून १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. निळ्या उजेडानं त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि यकृताची नेहमीची प्रक्रिया न होताही ते शरीराबाहेर पडू शकतं. आज यासाठी एलईडीच वापरतात, साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या. तीव्र उपचारासाठी त्या पट्ट्यात दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरला किमान ३० मायक्रोवॅट उजेड बाळाच्या अंगावर पडायला हवा. तो मोजायला रेडिओमीटर नावाचं छोटं यंत्र असतं.

म्हणजे भाचीच्या टाकीत मात्रा जास्त झाली होती आणि आमच्या वॉर्डात ती कमी पडली होती. चूक मात्र एकच. दोन्हीकडे कोणी मोजलं नव्हतं.

आधी मोजलं, मग बांधलं

वनस्पती आणि शैवाल यांच्यासाठी उजेड मोजताना लक्स चालत नाही, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. इथं दर सेकंदाला एका चौरस मीटरवर प्रकाशाचे किती कण पडतात ते मोजतात. एकक मायक्रोमोल. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या घरात जातो. टाकीतल्या मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतो, उजेडाच्या भुकेल्या दगडी प्रवाळांना २०० ते ४०० लागतो. भाचीनं तिथल्या हौशी मंडळींकडून पाण्यात बुडवता येणारं मोजमाप यंत्र उसनं आणलं. प्रवाळ होते त्या जागी जुन्या ट्यूबखाली ९० येत होते. नव्या दिव्याखाली, पूर्ण प्रवाहावर, ४००.

आता गणित करू. जुना दिवा रोज १० तास. ९० गुणिले १० तास, म्हणजे दिवसाला सुमारे ३.२ मोल. नवा दिवाही तेवढेच तास, म्हणजे १४.४ मोल. एका रात्रीत मात्रा जवळजवळ साडेचार पट झाली होती. कुठल्याही औषधाच्या बाबतीत असं कोणी केलं तर आपण त्याला काय म्हणू?

आम्ही ठरवलेला आराखडा साधा होता. बारा निळ्या एलईडींची एक माळ आणि बारा पांढऱ्या एलईडींची दुसरी. प्रत्येक एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात, म्हणजे बारांच्या माळेला ३६ व्होल्टच्या आसपास लागतात. त्यासाठी ४८ व्होल्टचा तयार, बंदिस्त वीजपुरवठा घेतला. प्रत्येक माळेतून ७०० मिलिअँपिअर प्रवाह, म्हणजे माळेमागे सुमारे २५ वॅट.

एलईडीला थेट वीजपुरवठ्याला जोडून चालत नाही. ती तापली की तिला लागणारा व्होल्टेज कमी होतो, त्यामुळे जास्त प्रवाह वाहतो, त्यामुळे ती आणखी तापते आणि शेवटी जळते. म्हणून मध्ये ड्रायव्हर नावाचं छोटं उपकरण लागतं. व्होल्टेज कमीजास्त झाला तरी ते प्रवाह ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवतं. दोन माळांना दोन ड्रायव्हर. एलईडीला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, म्हणून सगळ्या एलईडी जाड, पंख असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर उष्णतावाहक लेप लावून बसवल्या आणि वर एक हळू फिरणारा पंखा. तासाभरानं पट्टीला हात लावून सुखानं धरवेल इतपतच ती गरम व्हायला हवी.

शंभर रेषांचा मेंदू

या दिव्याचा मेंदू म्हणजे आर्डुइनो. २००५ साली इटलीतल्या इव्ह्रेआ गावात, विद्यार्थ्यांना स्वस्तात आणि सोप्या रीतीनं इलेक्ट्रॉनिक्स शिकता यावं म्हणून हा बोर्ड तयार झाला. त्यावरचा मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला छोटा संगणक. आम्ही वापरलेल्या बोर्डात आज्ञांसाठी जागा होती ३२ किलोबाइट, म्हणजे फोनमधल्या एका साध्या फोटोला लागते त्याहूनही कमी. आम्हाला लागल्या जेमतेम शंभर ओळी.

तो दिवा मंद कसा करतो? प्रवाह कमी करून नव्हे. तो दिवा सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद करतो आणि त्यातला चालू राहण्याचा वेळ कमीजास्त करतो. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. दिवा चतुर्थांश वेळ चालू राहिला तर चतुर्थांश उजेड. उघडझाप इतकी जलद असते की डोळ्याला सलग उजेडच दिसतो. बोर्डावर याच्या पायऱ्या शून्य ते २५५. आमच्या दिव्याचे २५५ म्हणजे ४०० मायक्रोमोल, हे मोजून झालं होतं. त्यामुळे ११० हवे असतील तर आकडा ७०.

जोडीला घड्याळाची वेगळी चिप आणि तिला नाण्याएवढी बॅटरी. वीज गेली तरी वेळ चुकत नाही. दर मिनिटाला मायक्रोकंट्रोलर घड्याळाला वेळ विचारतो आणि दिव्याची पायरी ठरवतो. सकाळी ११ ते १ उजेड हळूहळू चढतो, १ ते ७ एका पातळीवर राहतो, ७ ते ९ उतरतो. दिवा १० तास लागलेला दिसतो, पण चढ-उताराचे दोन-दोन तास निम्म्या हिशेबानं धरले तर मात्रा ८ तासांची होते. ११० मायक्रोमोल गुणिले ८ तास, म्हणजे पुन्हा सुमारे ३.२ मोल. जुन्या ट्यूबखाली मिळत होती तितकीच. तिथून सुरुवात करायची आणि दर आठवड्याला १० टक्के वाढवत सात आठवड्यांत २०० वर न्यायचं. आम्ही रक्तदाबाची गोळी सुरू करतो तसंच. कमी मात्रेनं सुरुवात करायची, हळूहळू वाढवायची, रुग्णाकडे बघत राहायचं. प्रवाळ पुन्हा फिका वाटला तर त्या आठवड्याची वाढ रद्द.

आणखी एक ओळ मी हट्टानं लिहायला लावली. कोणी कुठलाही आकडा भरला, तरी दिव्यानं १२८ ची पायरी ओलांडायची नाही.

‘मावशी, मीच भरणार आहे ना आकडे?’

‘म्हणूनच,’ मी म्हटलं.

तार निसटली तर?

एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दिव्याची चाचणी चालू होती. बोर्डाकडून ड्रायव्हरकडे जाणारी बारीक तार निसटली. दिवा विझेल असं मला वाटलं होतं. तो भक्कन पूर्ण ताकदीनं पेटला.

भाचीनं माहितीपत्रक काढून पाहिलं. या प्रकारच्या बऱ्याच ड्रायव्हरमध्ये नियंत्रणाची तार मोकळी राहिली तर त्याचा अर्थ ‘पूर्ण चालू’ असा घेतला जातो. ज्यांना उजेड कमीजास्त करायचा नसतो, त्यांच्यासाठी ही सोय आहे. आपल्यासाठी ती धोक्याची. म्हणजे मेंदू बंद पडला तर रुग्णाला जास्तीत जास्त मात्रा! अशी परिस्थिती सलाइनच्या पंपाबाबत होऊ नये म्हणून किती काळजी घेतात, ते आयसीयूत काम केलेल्या कोणालाही विचारा. औषध देणाऱ्या यंत्राबाबत ‘ते बिघडलं तर काय होईल?’ हा प्रश्न ‘ते चाललं तर काय होईल?’ याच्या आधी विचारायचा असतो.

उपाय दोन-चार रुपयांचा होता. नियंत्रणाची तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये, ड्रायव्हरला अगदी लागून, एक रेझिस्टर जोडला. बोर्डाकडून आज्ञा येत असेल तर तो मध्ये पडत नाही, आज्ञा बंद झाली की तो तार शून्याकडे ओढून घेतो. मग आम्ही मुद्दाम तार उपसून पाहिली, बोर्डाची वीज काढून पाहिली, दिवा चालू असताना बोर्ड नव्यानं सुरू करून पाहिला. प्रत्येक वेळी दिवा विझला. त्यानंतरच तो टाकीवर चढला. प्रवाळाला एक दिवस अंधार सोसतो, एक दिवस भट्टी सोसत नाही.

खारं पाणी आणि वीज हा दुसरा धोका, आणि तो माणसाला आहे. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे, त्याचे तुषार उडतात आणि वाळलेलं मीठ तारांवर चढत जातं. ओला हात असताना त्वचेचा विरोध खूप कमी होतो. अशा वेळी घरातल्या विजेचा अगदी थोडा प्रवाहही हृदयाची लय बिघडवू शकतो. म्हणून वीजपुरवठा टाकीच्या वर नाही, बाजूला आणि उंचावर. प्रत्येक तारेला सॉकेटच्या खाली एक झोळ, म्हणजे ओघळ तिथून खाली गळेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. आणि गळती ओळखून वीज तोडणारा स्विच. आपल्याकडे घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मिळतो. टाकी असो वा नसो, गीझर आणि वॉशिंग मशीन असलेल्या प्रत्येक घरात तो हवाच.

रात्रही मात्रेचाच भाग

भाचीची टाकी बसायच्या खोलीत आहे. तिथंच ती रात्री उशिरापर्यंत काम करते. झोप लागत नाही, अशी तिची तक्रार जुनी होती. माणसाच्या डोळ्यात पाहण्यासाठी असलेल्या पेशींखेरीज आणखी एका जातीच्या पेशी असतात. त्या चित्र पाहत नाहीत, दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला कळवतात. सस्तन प्राण्यांमधल्या या पेशींची ओळख २००२ साली पटली. त्यांना सर्वांत जास्त कळतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड. रात्री अकरा वाजता टाकीचा निळा उजेड अंगावर घेत बसणं म्हणजे मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असं सांगत राहणं.

प्रवाळालाही रात्र लागते. एका प्रवाळाच्या पेशींमध्ये क्रिप्टोक्रोम ही निळा उजेड ओळखणारी प्रथिनं सापडल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री समुद्रातले कित्येक प्रवाळ एकाच वेळी अंडी सोडतात, त्या वेळापत्रकाशी त्यांचा संबंध असावा असा कयास आहे. त्यामुळे आमच्या दिव्यात नऊ वाजता अंधार. रात्रीची निळी शोभा बंद. भाचीनं थोडी कुरकुर केली, पण आठवड्यानं ती स्वतःच साडेअकराला झोपायला लागली. सगळं श्रेय दिव्याला देणार नाही. मावशी घरात होती, हेही कारण असेल.

आपल्याकडे काय?

हे वाचून कोणाला असा दिवा करावासा वाटला, तर अवश्य करा, पण टाकीत प्रवाळ नकोत. तिच्या टाकीतले प्रवाळ तिथं टाकीतच वाढवलेल्या वसाहतींचे तुकडे आहेत. आपल्याकडे भित्ती बांधणाऱ्या सगळ्या दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, संरक्षण आहे. ते काढणं, विकणं गुन्हा आहे. प्रवाळ पाहायचे तर मालवणला जावं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाण्याखाली पाहायला गेलात तर त्यांच्यावर पाय ठेवू नका, एवढंच. हाच दिवा गोड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या टाकीला किंवा खिडकी नसलेल्या खोलीतल्या कुंड्यांना तितकाच उपयोगी पडतो. तिथं निळ्याच्या जोडीला लाल एलईडी घ्याव्या लागतील, एवढाच फरक.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. असला घरगुती निळा दिवा, किंवा बाजारातला कुठलाही निळा बल्ब, काविळीच्या बाळासाठी वापरू नका. कोवळ्या उन्हाचाही भरवसा धरू नका. ‘थोडी कावीळ आहे, सकाळी उन्हात ठेवा, उतरेल’ हा सल्ला आजही घराघरांत मिळतो. पण त्या उन्हाची मात्रा किती? ऋतू, वेळ, खिडकीची दिशा, बाळाच्या अंगावरचं दुपटं, यावर ती बदलते. बाळाला थंडी बाजू शकते किंवा अंग भाजू शकतं. मुख्य म्हणजे त्यात दिवस वाया जातात. बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूला कायमची इजा करतं आणि झालेली इजा भरून निघत नाही. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायापर्यंत पोचलेला पिवळेपणा, दूध न ओढणारं किंवा सुस्त पडलेलं बाळ, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्ताचा आकडा पाहा आणि तो बाळाच्या वयाच्या तासांशी ताडून उपचार ठरवू द्या.

भाचीच्या टाकीतले दोन प्रवाळ गेले. तिसरा, सर्वांत मोठा, मार्चमध्ये कडेनं तपकिरी होऊ लागला. जूनमध्ये तिनं फोटो पाठवला. तो ओळखू येत नव्हता, इतका भरला होता. खाली एकच ओळ होती, ‘१८७.’ त्या आठवड्याचा उजेड.

परतल्यावर एकदा काही कामानं आमच्या रुग्णालयाच्या नवजात कक्षात गेले होते. तीन बाळं डोळ्यांवर पट्ट्या बांधून निळ्या उजेडात झोपली होती. मी सवयीनं सिस्टरांना विचारलं, ‘दिवे नीट चालू आहेत ना?’ त्यांनी मान हलवली नाही. रजिस्टर उघडून माझ्यासमोर धरलं. प्रत्येक बाळाच्या नावापुढे एक रकाना होता, रेडिओमीटरच्या आकड्याचा. त्या सकाळचे आकडे ३४, ३६ आणि २७. २७ च्या पुढे लाल शाईत लिहिलं होतं : ‘अंतर कमी केले, पुन्हा मोजले, ३३.’

माझ्या हाउसपोस्टच्या दिवसांत हा रकाना नव्हता.